हिरवळीखालची राख

साल दोन हजार पंचवीस. माझं वय एकाहत्तर. सव्वीस जानेवारीला, सकाळी अकराच्या उन्हात, मी शेठच्या हिरवळीवर कांगारूसारखी उडी मारली.

हे आधी लिहून टाकतो. पुढं मी काय केलं ते सांगताना छाती फुगेल, म्हणून उडी आधी. मला कुणी ढकललं नव्हतं. कुणी हात उगारला नव्हता. मी दोन्ही हात छातीपाशी घेतले, पंजे खाली सोडले, गुडघे वाकवले आणि उडालो. चार बोटं वर सुटलो असेन. खाली आलो तेव्हा उजवा गुडघा कडकन वाजला. तो मला एकट्याला ऐकू आला. बाकीच्यांना हसण्यात कुठून ऐकू येणार.

पुण्याहून आलेले पाहुणे हसले. त्यांच्या बायका हसल्या. एक म्हणाली, किती गोड म्हातारा आहे. गोड. मी काय गुळाची ढेप आहे. आमच्या वाडीतली माणसंही हसली. भिवा हसला. भिवा म्हणजे ज्याच्या बांधाला माझा बांध, ज्याच्या बापाला मी खांदा दिला, तो. सात-आठ मोबाईल माझ्याकडं रोखलेले. डोक्यावर शेठनं घातलेली पिवळी टोपी, तिच्यावर हिरवा कांगारू.

माझी नात हसली नाही. सोनाली. नववीत आहे, आश्रमशाळेत. पोरांच्या रांगेत मान खाली घालून ती गवताची पाती तोडत बसली होती. एकेक पातं. माझ्याकडं बघेना. ते बघितलं आणि मला कळलं मी काय केलं.

अभयशेठ कोण, ते सांगतो. पेठ गावाच्या बाजूचं बागायतदार घराणं. पोरगा शिकला, ऑस्ट्रेलियाला गेला, मेलबर्न म्हणून शहर आहे तिथं राहिला. वीस वर्षं झाली. तिकडं जानेवारीत उन्हाळा असतो, शाळांना सुट्टी असते, म्हणून दर जानेवारीत बायकापोरं घेऊन इकडं येतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांची हद्द डोंगरात जिथं भिडते तिथं आमची वाडी आहे, महादेव कोळ्यांची. वाडीला लागून उतारावर शेठचं फार्महाऊस. मी तिथं माळी. माळी म्हणजे नळी धरणारा. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, त्या हिरवळीला पाणी. त्याच वेळी आमच्या बाया खाली विहिरीवर हंडे घेऊन उभ्या. हे मी चार वर्षं बघत होतो. आणि नळी धरत होतो.

त्या दिवशी शाळेत झेंडावंदन झालं. मग शेठनं पोरांना आणि वाडीला हिरवळीवर बोलावलं. आज ऑस्ट्रेलियाचाही राष्ट्रीय दिवस असतो म्हणाला, आपला आणि त्यांचा दिवस एकच, तर मौज म्हणून ऑस्ट्रेलियाच्या सामान्य ज्ञानाची स्पर्धा घेऊ. सुरुवातीला माईक हातात धरून, मान झुकवून तो इंग्रजीत काहीतरी बोलला. आवाज देवळात गेल्यासारखा हळू. मला वाटलं त्यांच्याकडची प्रार्थना असेल. मी हात जोडले. हे हात जोडणं ध्यानात ठेवा.

मग प्रश्न सुरू झाले. त्या देशाच्या मुद्रेवर कोणते दोन प्राणी? एकानं सांगितलं कांगारू. दुसरा कुणाला येईना. शेठनं सांगितलं, इमू, शहामृगासारखा पक्षी. हेच दोघं का घेतले? तर म्हणे या दोघांना मागं चालता येत नाही, देशानं पुढंच जावं म्हणून. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू. वाळवंटातला तो मोठा तांबडा खडक, त्याच्यावर चढायला आता बंदी का? तिथल्या मूळ लोकांचा तो देव आहे म्हणून. उत्तर बरोबर आलं की चॉकलेट, चुकलं की कांगारूची उडी. पोरं मुद्दाम चुकत होती. पोराला उडी म्हणजे खेळ. म्हाताऱ्याला उडी म्हणजे काय, ते मारल्यावर कळतं.

मी नळी गुंडाळून कडेला उभा होतो. शेठ माईकवर म्हणाला, "आता आमचे बाबा. या, बाबा, पुढं या. हे इथले एकदम ओरिजिनल."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टोपी डोक्यावर आली. विचारलं, ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती?

आणि मला वाटलं, मला येतंय. हाच माझा घात. मी दुसरी पास. पण तरुणपणी महाळुंगे पडवळला बटाटा काढायला जायचो, तेव्हा मुकादमाचा रेडिओ बांधावर असायचा. तिकडच्या मॅचा इकडं पहाटे लागतात. सिडनी, मेलबर्न, ॲडलेड, पर्थ, ब्रिस्बेन. सगळी गावं मला पाठ. पहिलं नाव सिडनी. मी मान ताठ करून सांगितलं, "सिडनी."

"चूक. कॅनबेरा."

मी परत फिरलो. शेठनं खांदा धरला. "असं कसं बाबा. नियम सगळ्यांना सारखा."

नियम सगळ्यांना सारखा. त्या घरात मला कपबशीतला चहा कधी मिळाला नाही. कागदी पेला मिळाला, तोही मागच्या दारी. ओसरीची फरशी ओलांडायची नाही. आणि उडी मारायची वेळ आली की नियम सगळ्यांना सारखा.

मारली.

स्पर्धा संपली तेव्हा शेठला भरून आलं होतं. म्हणाला, मघाशी मी इंग्रजीत काय बोललो ते कुणालाच कळलं नसेल, सांगतो. तिकडं शाळा असो, कचेरी असो, सभा असो, कार्यक्रमाच्या आधी हे म्हणतात. ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तिचे पहिले राखणदार अमुक जमातीचे लोक, त्यांना आणि त्यांच्या वाडवडिलांना आमचा नमस्कार. म्हणजे मी हात जोडले होते ते ह्याला. किती मोठं मन, म्हणाला. आपल्याकडं असं आहे का कुठं?

पुढं तो सांगत गेला. इंग्रजांची गलबतं पहिल्यांदा तिथं लागली ती ह्याच तारखेला. गलबतांत कैदी भरलेले. त्यांनी बघितलं, कुंपण नाही, नांगरट नाही, कागद नाही. म्हणाले ही जमीन कुणाचीच नाही, रिकामी आहे. पण रिकामी नव्हती. तिथं हजारो वर्षांची माणसं होती. ती ऋतू बघून थोडं थोडं गवत जाळायची, राखेवर नवीन फुटवा यायचा. आपल्याला वाटतं जाळणं म्हणजे नासाडी, पण ते शहाणपण होतं, आता तिथलं सरकार त्यांना बोलावून विचारतं. बोलता बोलता शेठनं रुमाल डोळ्यांना लावला. मी खरं तेच सांगतोय. लावला.

आणि मी टोपी हातात धरून तिथंच उभा. मागच्या उन्हाळ्यात ह्याच माणसानं मेलबर्नहून फोन करून भिवाचा राब अडवला होता. धुरानं पाहुण्यांना खोकला येतो म्हणून.

राब म्हणजे काय ते खालच्या लोकांना माहीत नसतं. थंडीत आम्ही ऐनाच्या झाडाचे टहाळ तोडतो. जमिनीवर शेण, त्यावर टहाळ, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, वर मातीचा हात. उन्हाळ्यात तो थर पेटवतो. धुमसत जळतो. त्या राखेत पावसाच्या तोंडाला नाचणीचं, भाताचं बी टाकतो. राखेवर रोप जोमानं येतं. उतारावर दोन-तीन वर्षं नाचणी, वरई घेतली की त्या जमिनीला काही वर्षं हात लावायचा नाही. आमच्यात म्हणतात, ती निजली. निजलेल्या जमिनीत नांगर घालणं म्हणजे निजलेल्या बाईला लाथ घालणं. आमचा म्हातारा असं म्हणायचा.

म्हणून मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"शेठ, आन हितं कुणाचं नाव घेता?"

"इथं म्हणजे?"

"हितं. तुमी हुबं हाये तितं."

शेठ हसला. चांगल्या मनानं हसला. त्याचाच मला लई राग येतो.

"अहो बाबा, इथं कुणीच नव्हतं. पडीक होतं हे सगळं. कागद बघा ना, पडीक लिहिलंय."

पडीक.

हा शब्द मी पन्नास वर्षं छातीत दाबून ठेवला होता. कुणाला सांगितला नाही. बायकोला नाही, भिवाला नाही. बायको मेली तरी सांगितला नाही. आज लिहितो.

मी तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा. वाडीवर तलाठी आला होता, पिकांची पाहणी करायला. वाडीत कुणी साहेबाशी बोलायला धजेना. मी दुसरी पास, मला तोरा. मी पुढं झालो. उतारावर आमच्या बापाचा, आज्याचा राब. मी त्याला चढवत वर नेलं. त्यानं विचारलं, इथं काय पिकतं? त्या वर्षी काही नव्हतं. गवत होतं. नाचणी घेऊन दोन वर्षं झाली होती. मी खरं सांगितलं. म्हणालो, "यंदा काय न्हाई सायेब. यंदा ती निजलीया."

तो हसला. वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मला अक्षरं जुळवता येत होती, वाचायला मागता आलं असतं. पण वाटलं, साहेबाची वही कशी मागायची. त्यानं पडीक लिहिलं. पुढची कितीएक वर्षं, आम्ही नाचणी घेतली तरी, कागदावर पडीकच राहिलं. वर येऊन कोण बघतो. मग मोजणी झाली आणि तो उतार खालच्या बागायतदारांच्या, म्हणजे शेठच्या घराण्याच्या, गटात गेला. कुणी घातला, कसा घातला, मला आजही सांगता येणार नाही. एवढं माहीत की बाप माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला होता, "तूच दावलीस ना जमीन त्याला." त्यानंतर मरेपर्यंत त्यानं मला जमिनीतलं काही विचारलं नाही.

मी मजुरीला गेलो. खोडदला आभाळाकडं तोंड केलेल्या दुर्बिणीच्या त्या मोठाल्या छत्र्या उभ्या राहत होत्या तेव्हा तिथं खडी वाहिली. म्हातारपणी परत आलो, तर उतारावर भिंत. आणि शेठच्या बापानं मलाच हिरवळ अंथरायला लावलं. पुण्याहून गवत आलं होतं, सतरंजीसारखं गुंडाळून. ते अंथरायला जमीन सारखी करताना खाली हातभर काळी माती निघाली. काळीभोर, हलकी. गवतवाला म्हणाला, बाबा, इथं आग लागली होती का कधी? ती माझ्या आज्याची राख होती. पणज्याची होती. त्यांच्या राबाची. तिच्यावर मी माझ्या हातानं पुण्याचं गवत पसरलं, पाय देऊन दाबलं आणि चार वर्षं पाणी मारलं.

तर शेठ म्हणाला पडीक. मी म्हणालो, "पडीक नव्हती. निजली व्हती."

त्याला ते गमतीचं वाटलं. पाहुण्यांना म्हणाला, बघा काय शब्द आहे, वा. म्हणजे माझ्या शब्दाचंही त्यानं चॉकलेट केलं.

मॅनेजर पुढं आला. जुन्नरकडचा आहे, तिशीतला. कानाशी लागून म्हणाला, "म्हातारबा, पावणं जेवायचेत. मागं जाऊन बस. पत्रावळ मिळंल."

मी टोपी हिरवळीवर ठेवली. छातीवरचा माळ्याचा बिल्ला काढून टोपीत ठेवला. चालू लागलो. कुणी थांबवलं नाही. भिवा जेवायला थांबला. बटाट्याची भाजी आणि बुंदी होती.

दुपारी सोनाली आली. अंगणात माझ्याशेजारी बसली. मला वाटलं रडेल. ती रडणाऱ्यातली नाही. म्हणाली, "आजा, तू उडी का मारलीस?"

तिला काय सांगू. खरं ते सांगितलं. तलाठ्याचं सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, तोंड माझं, चूक माझी, म्हणून मला तिथं मान वर करता येत नाही. म्हणून त्यांनी सांगितलं की मी मारतो उडी.

तिनं मोबाईल काढला आणि त्या देशाचं वाचायला लागली. शेठनं जे सांगितलं नाही ते. की ज्या तारखेला शेठ मौज करतो, त्या तारखेला तिथली मूळ माणसं सुतक पाळतात. की लई वर्षं देशाच्या लोकसंख्येत त्यांची मोजदादच धरत नव्हते. आणि एका बेटावरच्या माणसाचं वाचलं. त्याच्या बापजाद्यांच्या बागा त्या बेटावर होत्या. कागद नव्हता. ही हद्द ह्या दगडापासून, ती हद्द त्या झाडापर्यंत, एवढंच होतं. त्याला सांगितलं की बेट सरकारचं, तुझं काही नाही. तो कोर्टात गेला. दहा वर्षं खटला चालला. शेवटी त्या देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं सांगितलं, जमीन रिकामी नव्हती, माणसं होती, त्यांचा हक्क होता.

"त्यो खुश झाला आसंल," मी म्हणालो.

"तो निकालाच्या काही महिने आधीच गेला आजा."

मी उठलो. अंगणात येरझारा घातल्या. मला त्या माणसाची कीव आली नाही. सांगून ठेवतो. मला राग आला. दुनियेच्या त्या टोकाला काळ्या माणसाला विचारलं कागद कुठं. ह्या टोकाला मला विचारलं पीक कुठं. आमच्या तोंडातून खरं निघालं आणि त्यांनी त्याचं रिकामं लिहिलं. मग चूक माझी कशी? मी निजली म्हणालो. निजणाराला घर नसतं का? माणूस झोपला की त्याच्या अंगावरचं घोंगडं बेवारस होतं का?

पन्नास वर्षं मी बापाचं ते वाक्य वाहिलं. त्या दुपारी खाली टाकलं. बाप चुकला होता. त्याला हे कुणी सांगितलं नाही, मलाही कुणी सांगितलं नाही. नववीतल्या पोरीनं सांगितलं.

आता कुणी म्हणेल, शेठ बरा माणूस आहे. पोरांना वह्या देतो. देत असेल. तिकडच्या काळ्या माणसांसाठी त्याचे डोळे ओले होतात, कारण तिकडची जमीन त्याच्या बापानं घेतलेली नाही. रडायला समुद्रापलीकडचं दुःख सोपं जातं. माझी त्याच्याशी समजूत व्हायची नाही. मला ती करायचीही नाही.

दुसऱ्या दिवशी, सत्तावीस तारखेला, उजाडताच कमरेला आकडी बांधली, कोयता अडकवला. भिंतीबाहेर आमचे तीन ऐन अजून उभे आहेत. उजव्या गुडघ्यानं चढू देईना, डाव्यानं चढलो. टहाळ तोडले, भारा बांधला. सोनालीनं शेणाची पाटी डोक्यावर घेतली. मी नको म्हणालो नाही.

फाटक उघडंच होतं. हिरवळीवर गेलो. आमचा राब कुठून कुठं होता ते मला डोळे मिटून सांगता येतं. कोयत्यानं हिरवळीला चीर पाडली आणि कड धरून ओढली. चार वर्षांत मुळं खोल गेली होती. निघेना. तटातट तोडत ओढली. जशी अंथरली होती तशीच गुंडाळली, सतरंजीसारखी. खाली ती. काळी.

मॅनेजर धावत आला. मागून पाहुणे, हातात चहाचे कप. शेठ ओसरीच्या पायरीवर उभा राहिला, खाली उतरला नाही. मॅनेजर म्हणाला पोलीस बोलावतो. मी म्हणालो बोलाव, कागद घेऊन ये म्हणावं, मी माती दाखवतो. मूठभर माती उचलून त्याच्या नाकापुढं धरली.

"वास घे. पडीक जमिनीला राखंचा वास येतो का?"

त्यानं घेतला नाही. "म्हातारबा, मागं हो," म्हणाला. "मागं हो, सांगतो."

"काल तुमीच कांगारू केला ना मला? त्याला मागं जाता येत न्हाई. तुजा शेठच सांगत व्हता."

पाहुण्यांत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

भिवा कधी आला ते मला कळलं नाही. पातेऱ्यानं भरलेलं टोपलं घेऊन आला होता, ते त्यानं माझ्या पायाशी टाकलं.

सोनालीनं शेण पसरलं. मी त्यावर टहाळ घातले, बुंधे चढाकडं, शेंडे उताराकडं, बाप घालायचा तसे. त्यावर पातेरा. त्यावर मातीचा हात. बारा हात लांब, सहा हात रुंद. मोबाईल माझ्याकडं रोखलेले होते. रोखू देत. मग मी शेठकडं बघून, पायरीवरच्या त्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं की हा उन्हाळ्यात मी पेटवणार आहे.

आणि राबाशेजारी, काळ्या मातीवर, बसून राहिलो.